वास सिंकचा, नाव फोडणीचे

कुटुंबाच्या पानावर लोणची, बाळाची दुखणी, मुलांचा अभ्यास असे विषय नेहमी येतात. आज आम्ही लिहिणार आहोत ते सिंकच्या भोकाबद्दल. कोणी नाक मुरडील. विषयच नाकाचा आहे, त्याला आमचा इलाज नाही. पण आपली मुलेमुली शिकून आता परदेशी नोकरीला जातात, मागाहून बाळंतपणाला आणि नातवंडे सांभाळायला आईवडील जातात, आणि तिथल्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी एका यंत्राशी गाठ पडते. विमानात काय न्यावे, थंडीत काय घालावे हे सगळे सांगतात. या यंत्राबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. आम्हाला त्याची ओळख न्यू जर्सीतल्या पाच महिन्यांच्या मुक्कामात झाली, ती इथे लिहून ठेवतो.

हा लेख आम्ही दोघे नवराबायको मिळून लिहीत आहोत. आमच्यातला एक महानगरपालिकेच्या मलनिःसारण खात्यात कामगार म्हणून लागला आणि मुकादम होऊन २०१९ साली निवृत्त झाला. दुसरीने अंगणवाडीत नोकरी केली. कोणते वाक्य कोणाचे, हे वाचकांनी शोधीत बसू नये. भांडण झाले त्या ठिकाणी आम्ही ते सांगूच.

तर यंत्र असे. अमेरिकेत पुष्कळ घरांत सिंकच्या भोकाला आपल्यासारखी जाळी नसते. तिथे काळ्या रबराचा, मधून चिरलेला पडदा असतो. खालच्या कपाटात डोकावले तर लहान कळशीएवढे एक धूड सिंकला लटकलेले दिसते. भिंतीवरचे बटण दाबले की ते घरघरू लागते आणि ताटातले उष्टे, साली, शितेकण दळून पाण्याबरोबर गटारात सोडते. त्याला गार्बेज डिस्पोजल म्हणतात, आमची लेक नुसते डिस्पोजल म्हणते. वस्तू काही नवी नाही. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदाने १९२७ साली ते तयार केले, १९३५ साली त्याला पेटंट मिळाले आणि १९३८ साली त्याने त्याची कंपनी काढली. खुद्द न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच भागात मात्र जुन्या गटारांना सोसणार नाही म्हणून या यंत्राला बंदी होती, ती १९९७ साली उठली. आमच्यातल्या मुकादमाला ही बंदीची हकीकत फार आवडली. गटाराची काळजी करणारे कोणी तरी तिथेही होते म्हणायचे.

आम्ही २०२३ च्या डिसेंबरात गेलो तेव्हा नात दीड महिन्याची होती. लेक आणि जावई दोघेही नोकरीत, घर भाड्याचे, एका मोठ्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर. फेब्रुवारीत वसाहतीच्या ऑफिसकडून ई-मेलने पत्र आले. शेजाऱ्यांची तक्रार आहे, तुमच्या घरातून मसाल्याचा व शिजविलेल्या अन्नाचा उग्र दर्प जिन्यात येतो, तरी दक्षता घ्यावी. करार पुढे वाढविताना याचा विचार होईल, आणि घर सोडतेवेळी गालिचा व भिंती साफ करण्याचा खर्च अनामत रकमेतून कापला जाऊ शकेल. भाषा अगदी सभ्य होती. ‘कृपया’ दोन वेळा होते.

लेकीने ते पत्र उभ्या उभ्या वाचले आणि काही न बोलता ओट्यावरची सुकटीची बरणी उचलली. तिला एका पिशवीत घातले, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या, आणि सगळे गाठोडे बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे नेऊन ठेवले. मग म्हणाली, “आई, थोडे दिवस फोडणी नको.” सुकट तिथल्या भारतीय दुकानातून तिनेच आणली होती, आम्ही येणार म्हणून.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झाले ते सांगताना अजून कसेसेच होते. बाहेर बर्फ पडलेले, घरात तान्हे मूल, आणि आमची मुलगी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडी ठेवून उभी. सुगंधी मेणबत्त्या आणल्या. लसूण बंद, हिंग बंद, मोहरी तडतडणे बंद. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाव आणि उकडलेली अंडी खावीत काय? जावई सकाळी कामाला निघताना कोटाची बाही नाकाला लावून बघत आणि मग दार उघडीत. ते त्यांनी आमच्यासमोर कधी केले नाही. पण घर लहान होते, दिसायचे ते दिसत होते.

आम्हाला पत्राचा राग आला, पण पत्रापेक्षा जास्त टोचले ते तिचे लगेच मान्य करणे. एकदाही ती म्हणाली नाही की वास आमचा नसेल. याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. पुण्याला शिकत असताना ती खोली शोधीत हिंडली होती. एका दारात बाईंनी आधी आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग गोड आवाजात “तुमच्यात काय काय शिजवतात?” असे विचारले. खोली मिळाली नाही. वास येतो म्हटले की तो आपल्याच अंगाचा, आपल्याच पातेल्याचा, हे तिच्या मनात तेव्हापासून बसलेले. सात समुद्र ओलांडले तरी ते बसूनच होते.

फोडणी बंद होऊन बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी पहाटे पाच वाजता बाळाच्या दुधाच्या बाटल्या धुवायला आम्ही दोघे उठलो. रात्रभर चूल थंड, मसाल्याचे डबे बंद, आणि तरीही स्वयंपाकघरात वास होता. कमी झालेला नव्हता, वाढलाच होता. आता बारा दिवस मोहरी न तडतडलेल्या घरात फोडणीचा वास कुठून येणार?

आमच्यातला मुकादम म्हणाला, “हा वास मी ओळखतो.”

गटाराच्या कामात माणसाची भाकरी आणि जीव दोन्ही नाकावर असतात. तिथे सगळ्याच वासाला नुसते ‘घाण’ म्हणून चालत नाही. आंबलेल्या भाताचा वास वेगळा, तो जरा दारूच्या अंगाने जातो. कुजलेल्या भाजीचा निराळा. चरबी कुजली की खवट, घशाला चिकटणारा वास येतो, साबण जुना व्हावा तसा. आणि सडक्या अंड्याचा वास आला की तो वायू. त्याचे लक्षण असे की प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करून टाकतो. वास गेला असे वाटते आणि माणूस खाली उतरतो. असे उतरलेले कितीतरी वर आले नाहीत. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली तेच ३० लाख केले. रक्कम वाढली, उतरणे थांबले नाही. असो. सांगायचे इतकेच की मुकादमाचे नाक फुकट तयार झालेले नाही.

त्याने सिंकवर वाकून हुंगले. मग चमच्याच्या दांड्याने तो काळा रबरी पडदा किंचित दाबला, आणि भपकाराच आला. खवट चरबी, तिच्यात आंबटपणा, खाली थोडे सडके अंडे. सुकटीचा त्यात मागमूस नव्हता. हळद, लसूण, हिंग काही नव्हते. फोडणीचा वास तेलावर बसतो आणि हवेत विरतो. हा वास ओला होता, एका जागी बसून राहिलेला.

लेकीला उठवून सांगितले तेव्हा तिला हायसे वाटेल अशी आमची समजूत होती. ती आणखीच कष्टी झाली. ऑफिसला कळवू नका म्हणाली, ते येऊन बघतील आणि म्हणतील यांचीच घाण. मग मुकादमाने जुना टूथब्रश आणि बॅटरी मागितली, तेव्हा तिने त्याचा हात धरला. “बाबा, तुम्ही नाही. आयुष्यभर तेच केलंत. इथं तरी नको.”

इथे आमचे भांडण झाले, तिघांचेही. मुलीला वाटत होते की बापाने अमेरिकेत येऊन पुन्हा नाली उपसावी यासाठी का ती शिकली? बापाला वाटत होते की ज्या कामात आपण तयार आहोत ते करायला मुलीने मनाई का करावी? आई म्हणाली, “आपल्या घरातली घाण आपण काढायची, त्यात कसला कमीपणा? दुसऱ्याची काढायला लावतात तिथं बोलायचं.” यावर तिघेही गप्प झालो. शेवटी जावई उठून आले, त्यांनी बाह्या सारल्या आणि म्हणाले, “मी करतो. बाबा, तुम्ही सांगा फक्त.” अशा रीतीने मुकादमाने बॅटरी धरली, जावयाने ब्रश धरला, आणि काम रीतसर सुरू झाले.

आता जे लिहितो ते मुलीच्या घरी जाणाऱ्यांनी कापून ठेवावे.

पहिली गोष्ट विजेची. भिंतीवरचे बटण बंद असणे पुरेसे नाही. कोणाचा धक्का लागला तर? खालच्या कपाटात यंत्राची पिन असते ती प्लगमधून काढायची. पिन नसेल, वायर थेट जोडलेली असेल, तर मुख्य पेटीतला त्या यंत्राचा ब्रेकर पाडायचा. आणि हे करूनही आत बोटे घालायची नाहीत. आत काही पडले असेल तर चिमट्याने किंवा सांडशीने काढायचे. मुकादमाचा यावर कटाक्ष होता. ज्या भोकात काय आहे ते दिसत नाही त्यात हात घालायचा नाही, अवजार घालायचे.

आत मिक्सरसारखी पाती असतील असे आम्हाला वाटले होते, पुष्कळ अमेरिकन लोकांनाही तसेच वाटते. पण पाती नसतातच. तळाशी एक फिरती तबकडी असते, तिच्यावर दोन बोथट लोखंडी ठोकळे. मोटर मिनिटाला सतराशेच्या पुढे फेरे घेते, अन्न कडेला फेकले जाते आणि कडेच्या दातेरी कड्यावर घासून बारीक होते. जात्याची जात म्हणा. आता जाते आपण झाडून ठेवतो, पीठ राहिले की किडे होतात. यात मात्र ओले अन्न राहते, तबकडीवर, तबकडीच्या खाली, भिंतींवर. भांडी धुण्याच्या यंत्राचे तेलकट पाणीही बहुतेक घरांत याच्यातूनच जाते.

आणि सर्वांत जास्त घाण साचते ती तबकडीवर नव्हे, त्या रबरी पडद्याच्या खालच्या बाजूला. दळताना सगळे शिंतोडे तिथे उडतात. वरून पडदा स्वच्छ काळा दिसतो, पाणी वरूनच जाते, खालची बाजू कधी धुतलीच जात नाही. काही यंत्रांत तो पडदा ओढून बाहेर काढता येतो, तसा असेल तर उत्तम; बादलीत साबणाच्या गरम पाण्यात भिजवावा आणि घासावा. आमचा निघणारा नव्हता. जावयांनी एकेक पाकळी चिमट्याने वर उलटून धरली आणि लांब दांड्याच्या ब्रशने भांड्याचा साबण लावून खालून घासली. जे निघाले ते राखी रंगाचे, बुळबुळीत, शेवाळासारखे, बोटभर जाड. पाकळ्यांच्या खाचांतून तर किती वेळ निघतच होते. लेक दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने तिने दुसरा ब्रश आणला.

मग बॅटरी आत मारली. तबकडीच्या कडेला काही तरी चमकले. सांडशीने काढले तर बाटलीचे पत्र्याचे झाकण, दुमडून कड्याला घट्ट बसलेले, आणि त्याच्यामागे मक्याच्या कणसाचे केस, चरबीत गुंडाळलेले, दोरखंडासारखे. झाकण बीअरच्या बाटलीचे होते. आमच्या या घरात पंचशील भिंतीवर टांगण्यापुरते नाही, बीअरची बाटली उंबरा ओलांडीत नाही. म्हणजे हा माल आधीच्या भाडेकरूंचा. जावयांनी ते झाकण कागदावर ठेवून त्याचा फोटो काढला. लेक पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

यापुढे धुणे. घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, आम्ही सगळे करून पाहिले, त्यांची किंमत सांगतो. बर्फाचे खडे आणि मूठभर जाडे मीठ टाकून, गार पाणी सोडून, यंत्र चालवावे. खडे भिंतींवर आपटून चिकटलेले खरवडून काढतात. हा उपाय खरा. त्याने पात्यांना धार येते असे म्हणतात ते मात्र खोटे, पाती नाहीतच तर धार कशाला? खाण्याचा सोडा अर्धा कप टाकून वर एक कप व्हिनेगर ओतले की फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला फार समाधान वाटते. दहा मिनिटे ठेवून गरम पाण्याने धुवावे. फेस खाचांतली सैल घाण वर आणतो, इतका त्याचा उपयोग आहे. पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, मागे उरते ते बहुतेक पाणीच. ब्रश न फिरवता नुसते हेच केले तर दोन दिवसांत वास परत. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीचे लहान तुकडे सगळ्यांत शेवटी टाकावेत. सालीत तेल असते, त्याचा सुवास छान येतो. घाणीवर टाकले तर मात्र लिंबू आणि घाण असा मिश्र वास येतो, तो तर आणखी वाईट.

आमच्या मते सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत साधा आहे आणि त्याला काही लागत नाही. सिंकला बूच लावायचे, अर्धे सिंक साबणाच्या पाण्याने भरायचे, मग बूच काढून त्याच क्षणी यंत्र सुरू करायचे. पाण्याचा लोंढा यंत्राच्या आतून, तबकडीखालून, पुढच्या नळीतून एकदम जातो. मुकादम म्हणाला, आमच्या खात्यात गटार असेच ‘फ्लश’ करीत. नळाची बारीक धार तळाचे तेवढे ओले करते, भिंतीला आणि पडद्याला पोचतच नाही.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. तुंबलेली नळी मोकळी करण्याची जालीम पूड किंवा द्रावण या यंत्रात ओतू नये. रबर खराब होते, आणि पुढे जो यंत्र उघडील त्याच्या हातावर, डोळ्यांत ते उडते. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडासाचे ॲसिड आणि ब्लीच यांचेही तेच. हे आपल्याकडच्या बाथरूमलाही लागू आहे. स्वच्छ करण्याच्या भरात बायका दोन्ही बाटल्या ओततात आणि मग खोकत बाहेर येतात, हे आम्ही चाळीत पाहिले आहे.

यंत्र मध्येच बंद पडून नुसते गुणगुणू लागले तर घाबरू नये. बटण लगेच बंद करावे, वर सांगितल्याप्रमाणे पिन काढावी. पुष्कळ यंत्रांच्या बुडाशी मधोमध षटकोनी भोक असते, त्यात एलन की घालून मागेपुढे फिरवली की अडकलेली तबकडी सुटते. अडकलेले सांडशीने काढावे. मग बुडालाच एक लाल बटण असते ते आत दाबावे, पिन लावावी, पाणी सोडून चालू करावे. एवढ्यासाठी मेकॅनिक बोलावण्याची गरज नाही.

आता आपल्या स्वयंपाकाबद्दल. हे यंत्र पाव-सॅलड खाणाऱ्यांसाठी बेतलेले आहे, आपल्या ताटात त्याला न झेपणारे पुष्कळ असते. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, केळीची साल, कांद्याची टरफले, मक्याची पाने, कोथिंबिरीचे दांडे हे दोऱ्यासारखे गुंडाळतात. भात आणि डाळ दळली जाते खरी, पण नळीत जाऊन फुगते. कणकेचा लगदा तर खळच. बटाट्याच्या ढीगभर साली, चहाचा चोथा नको. चिंचोके, मटणाची नळी, नारळाची करवंटी यांचे नाव काढू नये. आणि तेल, तूप, मटणावरचा तवंग कदापि नाही. आमच्यातली स्वयंपाक करणारी उष्टे आधी कागदावर काढून कचऱ्यात टाकू लागली, यंत्राला गेले ते ताटाला चिकटलेले तेवढेच. ते दळताना पाणी गार सोडावे, गरम नव्हे. गरम पाण्याने चरबी पातळ होऊन पुढे जाते आणि थंड नळीत जाऊन थिजते. गार पाण्यात ती घट्ट राहते, दळली जाते आणि वाहून जाते. दळण्याचा आवाज हलका झाल्यावरही पाणी आणखी पंधरा-वीस सेकंद चालू ठेवावे. घाईत हेच राहून जाते.

तेलाचे काय होते ते मोठ्या शहरांना विचारावे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली चरबीचा एक दगडासारखा गठ्ठा सापडला, २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा. घरोघरच्या आणि हॉटेलांच्या सिंकमधून गेलेले तेल, त्यात टाकाऊ कागदी रुमाल. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात मांडला. ज्यांनी तो फावड्याने आणि पाण्याच्या माऱ्याने फोडला त्यांना कित्येक आठवडे लागले. फोडणारे कोण होते, हे मुकादमाला विचारायचे होते.

यंत्र धुतल्यावर तीन दिवस आम्ही मुद्दाम काहीच शिजविले नाही असे नाही, उलट चौथ्या दिवसाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी मोहरी तडतडली. पहाटे पाचला दोघांनी उठून पुन्हा हुंगले. वास नव्हता. जिन्यात जाऊन हुंगले, तिथेही नव्हता.

लेकीने ऑफिसला उत्तर लिहिले. पहिला मसुदा तिने क्षमा मागून सुरू केला होता, तो आम्ही दोघांनी तिला खोडायला लावला. दुसऱ्यात तिने नुसते घडलेले लिहिले. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही फोडणी केली नाही, वास कायम होता. यंत्र उघडून साफ केले, आत हे सापडले, फोटो सोबत आहे. घर ताब्यात देताना हे यंत्र साफ करून दिले होते काय, ते कळवावे. आणि अनामत रकमेबद्दलचे वाक्य मागे घ्यावे. दोन दिवसांनी देखभालीचा माणूस आला. मेक्सिकोकडचा असावा, इंग्रजी आमच्याइतकेच. त्याने वाकून हुंगले, पडदा उलटून पाहिला आणि मुकादमाकडे बघून अंगठा वर केला. सगळ्या वसाहतीत हेच आहे, असे त्याने हातांनी सांगितले. त्याला चहा दिला, आले घालून, आणि तो त्याने दोनदा मागून घेतला.

ऑफिसचे उत्तर दोन ओळींचे आले. बाब निकाली काढण्यात आली आहे, रकमेसंबंधीचा मजकूर लागू नाही. दिलगिरी नव्हती. करार जूनमध्ये वाढवून मिळाला.

सुकटीचे गाठोडे रविवारी निघाले. कांदा बारीक चिरून, लसूण ठेचून, भरपूर लाल तिखट घालून परतली. खिडकी बंद होती. जावयांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि सोमवारी कोट तसाच अंगात घालून गेले.

आपल्याकडे हे यंत्र कमी घरांत आहे, आणि हवेच असे आम्हाला वाटत नाही. ओला कचरा वेगळा ठेवण्याचा नियम २०१६ पासून आहेच. तो नीट पाळला तर खत होते, दळून गटारात सोडण्याचे कारण नाही. पण सिंकला वास आपल्याही घरी येतो, आणि तो बहुधा जाळीच्या खालच्या बाजूचा किंवा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपचा असतो. परत आल्यावर आम्ही पहिल्या आठवड्यात तेच काम काढले. खाली बादली ठेवावी. ट्रॅपचा खालचा पेला हाताने डावीकडे फिरवला की निघतो. आतला काळा चिखल बादलीत ओतावा, पेला आणि वरची नळी ब्रशने साबण लावून घासावी, जाळी उलटी करून खालून घासावी. पेला परत बसविताना त्याच्या कडेचे रबरी वॉशर जागेवर आहे ना ते पाहावे, पेला हातानेच घट्ट करावा, पान्हा लावू नये, प्लास्टिकचे आटे जातात. मग तांब्याभर पाणी ओतून खाली कोरडा कागद धरावा. थेंब दिसला तर वॉशर झिजले आहे. ते दुकानात नेऊन दाखवावे आणि त्याच मापाचे आणावे. अंदाजाने आणलेले बसत नाही.